जुनी जिप्सी आधी बरी करा, मग उंच करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका तरुण गृहस्थांनी महूहून २००६ ची मारुती जिप्सी किंग घेतली आहे: सॉफ्ट टॉप, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारं) इंजिन, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. पावसाळा ओसरला की बायको आणि मुलीला घेऊन चोरल, जानापाव, मांडूकडच्या कच्च्या वाटांवर फिरायचं आहे. हाताशी अडीच लाख रुपये आहेत. पाटे (सस्पेन्शनच्या कमानदार लोखंडी पट्ट्या) ॲक्सलच्या वर बसवून गाडी पाच इंच उचलायची, ३१ इंची टायर, पुढेमागे लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) आणि स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) अशी यादी तयार आहे. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलं आहे.

यादीतली एकही वस्तू आत्ता घेऊ नका. पुढचे दोन महिने आणि निम्मे पैसे गाडी मूळ अवस्थेत आणण्यावर घालवा. मी वीसेक वर्षं जिप्स्या चालवतोय, उघडतोय आणि जोडतोय. वाटेत बंद पडलेल्या, टोचन करून आणाव्या लागलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांवर नवे महागडे टायर होते आणि आत किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचे) बेअरिंग पंधरा वर्षांपूर्वीचे होते.

आधी तुमच्याकडे काय आहे ते पाहा. जिप्सी १९८५ च्या अखेरीस भारतात आली. आधी ९७० सीसीचं इंजिन होतं, पुढे १.३ लिटरची किंग आली आणि तुमच्याकडे आहे ते सोळा वाल्व्हचं एमपीएफआय इंजिन साधारण ८० अश्वशक्तीचं. शिडीसारखी चॅसी, पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, व्हीलबेस जेमतेम २,३७५ मिलिमीटर आणि लो रेंजचा (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरांचा) साधारण २.२७ चा गुणक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन, जे एका टनाच्या आसपास आहे. दोन टनांच्या आधुनिक फोर बाय फोर गाड्या जिथे पोटापर्यंत रुततात, तिथून ही निघून जाते ते इंजिनाच्या ताकदीवर नाही, हलकेपणावर. जिप्सीत जे काही कराल ते करताना हा हलकेपणा राखायचा आहे. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा तेवढाच.

आता तुमच्या यादीचा हिशोब करू. पुढचा लोखंडी बंपर साधारण ४० किलो, लोखंडी दोराचं मोठं विंच आणखी तेवढंच, स्टेपनी टांगायच्या फ्रेमसकट मागचा बंपर ४० किलो, छतावर कॅरिअर लावलं तर २५-३० किलो, आणि ३१ इंची पाच टायर मूळ टायरांपेक्षा मिळून चाळीसेक किलो जड. हे झाले १८०-१९० किलो. म्हणजे अडीच-तीन धडधाकट माणसं कायमची गाडीवर बसवल्यासारखं, तेही निम्म्याहून जास्त वजन पुढच्या आणि मागच्या टोकाला. त्यात ८० अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याच मापाचे ब्रेक. मग गाडी चढत नाही म्हणून गिअर बदला, थांबत नाही म्हणून ब्रेक बदला. या वाटेला लागलेले लोक शेवटी गाडी विकून टाकतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

सगळ्यात आधी चॅसी. गाडी धुवून, वाळवून पिटवर घ्या. हातोडी छोटी हवी, दोनशे ग्रॅमची पुरे. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या) जिथे चॅसीला धरतात तो भाग, बॉडी माउंटची रबरं बसतात ते कोपरे, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा, काचेच्या चौकटीचा तळ, या जागांवर टकटक करत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. जिथे आवाज बसेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. माळव्याची हवा कोरडी असल्यानं इथल्याच गाडीला गंज कमी लागतो, पण गाडी आधी कोकणात, गोव्यात किंवा केरळात राहून आली असेल तर वरच्या चकचकीत रंगावर विसंबू नका. आरसी बुकात पहिली नोंदणी कुठली आहे ते बघा. चॅसीत भोक निघालं तर त्यावर पातळ पट्टी डकवून रंग मारणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. कुजलेला भाग कापून काढून त्याच जाडीचं लोखंड वेल्ड करणाराच शोधा. लिफ्ट केलेल्या गाडीचा सगळा ताण शेवटी याच शॅकलच्या जागांवर येतो.

दुसरं काम पुढच्या नकलचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एक गुळगुळीत लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या आत सीव्ही जॉइंट फिरतो आणि वरखाली किंगपिनच्या दोन बेअरिंगांवर सगळी नकल वळते. आत दाट ग्रीस असतं. ॲक्सलच्या नळीतलं गिअर ऑइल त्या ग्रीसमध्ये येऊ नये म्हणून आतून एक ऑइल सील असतं, आणि बाहेरून धूळ जाऊ नये म्हणून गोळ्याला घासत राहणारं दुसरं सील. आतलं सील गेलं की ऑइल ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस पातळ होतं आणि गोळ्यावरून ओघळायला लागतं. तुमच्या गाडीचा गोळा बोट लावून पाहा. हलका तेलकट थर असेल तर ठीक. काळं पातळ तेल ओघळून चाकाच्या आतल्या बाजूला पसरलं असेल, तर दोन्ही नकल उघडायचेच. बाहेरचं सील फाटलं की आत माती-पाणी शिरतं आणि किंगपिन बेअरिंगच्या रोलरांनी कपावर खळगे पाडलेले असतात. नकल उघडली की चारही बेअरिंग, चारही सील नवे टाका, जुनं सगळं ग्रीस डिझेलनं धुवून काढा आणि शिम (पातळ चकत्या) टाकून बेअरिंगचा ताण नीट बसवा. हा ताण हाताच्या अंदाजानं बसवू नका. टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) सोडवून नकल स्प्रिंग-काट्यानं ओढून ती किती जोरावर हलते ते मोजायचं असतं, आणि तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. मॅन्युअलची प्रत मिळवा. गाडीसाठी केलेली ती सगळ्यात फायद्याची खरेदी ठरेल.

एवढं का सांगतो, त्याचं कारण आहे. माझ्या पहिल्या जिप्सीला मीही आधी उंची दिली होती. एका गॅरेजवाल्यानं लांब शॅकल लावून, ३१ इंची टायर आणि जड बंपर बसवून गाडी हवाली केली. सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरताना, पन्नासच्या आसपास वेग असताना, एका खड्ड्यावरून पुढचं चाक गेलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत थडथडायला लागलं. ब्रेक लावला तर थडथड वाढली. शेजारी धाकटा भाऊ होता, एका बाजूला दरी. गाडी कशीबशी कडेला थांबवली, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत कापत होते. गाडी उघडली तर एका बाजूचं किंगपिन बेअरिंग पार खडबडीत झालेलं. मूळ टायरांवर ते कदाचित आणखी वर्षभर चाललं असतं. जड टायरांनी ते आठवड्यात उघडं पाडलं. त्या दिवसानंतर मी कुणाच्याही गाडीला किंगपिन तपासल्याशिवाय मोठा टायर बसवलेला नाही.

त्यामुळे तुमची गाडी चाळीस ते साठच्या वेगात थरथरत असेल तर स्टिअरिंग डॅम्पर विकत घ्यायला धावू नका. डॅम्पर थरथर झाकतो, कारण काढत नाही. आधी टायरचं बॅलन्सिंग, मग व्हील बेअरिंग, किंगपिन, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा), पाट्यांचे बुश आणि शेवटी स्टिअरिंग बॉक्समधली ढील, अशा क्रमानं तपासा. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून एकेका जॉइंटवर बोट ठेवा. ढील बोटाला लगेच कळते.

ब्रेक हा भाग लोक फार पटकन उरकतात. मागचे ड्रम काढा. चिखलातून फिरलेल्या गाडीच्या ड्रममध्ये मातीची पेंड बसलेली असते आणि ती सॅंडपेपरासारखी लायनिंग खाते. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का बघा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते ठाऊक नसेल तर बदललेलंच नाही असं धरा. ते हवेतली ओल शोषतं आणि घाटात गरम झालं की त्यात वाफ होऊन पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. रबरी ब्रेक होज वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर सगळे नवे. आणि पुढे कधी गाडी उचललीत, तर चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना होज ताणला जात नाही ना, हे जॅक लावून डोळ्यांनी पाहा. मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार कमीजास्त करणारा वाल्व्ह असेल, तर त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी उंच झाली की त्या वाल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. लिफ्ट लावणारे दहापैकी आठ जण हा दांडा जुळवून देत नाहीत.

ऑइलं सगळी एकदा बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधले गिअरांचे गोळे, थोडक्यात डिफ). डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं हायपॉइड ऑइल लागतं. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलं जीएल-४ टाका, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना सोसत नाहीत. इथले बरेच मिस्त्री एकाच डब्यातून सगळीकडे ओततात, तेव्हा उभं राहून करून घ्या. काढलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. लोखंडाची बारीक भुकटी ड्रेन प्लगला चिकटलेली असणं साहजिक आहे, पण टोचणारे कण निघाले तर डिफ उघडावं लागेल. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलं आहे.

पाणी जातं कसं, हे समजून घ्या, कारण यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. तास-दोन तास चाललेल्या गाडीचं डिफरन्शियल तापलेलं असतं, आतली हवाही तापलेली. अशी गाडी थंड ओढ्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काही ना काही आत ओढून घेते. ॲक्सलवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची छोटी तोटी) मातीनं बुजलेला असेल तर सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं, आणि ब्रीदर मोकळा असूनही पाण्याखाली असेल तर थेट त्यातूनच. एका सप्टेंबरात चोरल नदीचा उथळ उतार ओलांडून मी घरी आलो, गाडी छान चालत होती म्हणून पाहिलं नाही. तीन आठवड्यांनी मागून गुणगुण सुरू झाली. पिनिअनच्या (डिफमधल्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडले होते. तेव्हापासून प्रत्येक गाडीत पहिलं मॉडिफिकेशन मी हेच करतो. पुढचं-मागचं डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्या ब्रीदरना ऑइल सोसणारी रबरी नळी जोडायची, ती वर बॉनेटखाली फायरवॉलपाशी आणायची आणि टोकाला छोटा फिल्टर लावायचा. ॲक्सल वरखाली होतो तेव्हा नळी ताणली जाऊ नये एवढी ढील ठेवा. खर्च नळीचा आणि एका दुपारचा. तरीही गुडघाभर पाण्यातून जाऊन आलात की त्याच आठवड्यात डिफचा प्लग सैल करून दोन थेंब बघायची सवय लावून घ्या.

ट्रान्स्फर केस जिप्सीत गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्याची रबरी माउंटिंग्ज बसली की गाडी सोडताना-धरताना धडधड होते आणि लो रेंजमध्ये कधीकधी गिअर सुटतो. लोकांना वाटतं ट्रान्स्फर केस गेला. आधी माउंटिंग बदलून पाहा. तीनही शाफ्टांच्या क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) आणि सरकत्या तोंडांना ग्रीस पंप मारा, चिखलाच्या प्रत्येक फेरीनंतर पुन्हा मारा, जुनं मातकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर व्हील लावून किलोमीटरभर चालवा, म्हणजे आतलं सगळं हलतं राहतं. डांबरी रस्त्यावर मात्र लावू नका. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये मधलं डिफरन्शियल नाही, वळणावर दोघांची चाल वेगळी पडते आणि तो पीळ क्रॉसवर आणि गिअरांवर येतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. हे इंजिन मारुतीच्याच एस्टीम गाडीच्या इंजिनाचं भावंड असल्यानं सुट्या भागांची अजून फार ओढाताण नाही. २०१८ च्या अखेरीस कंपनीनं जिप्सीच्या नव्या मागण्या घेणं थांबवलं, तरी लष्कराकडे एवढ्या गाड्या आहेत की बाजार जिवंत आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलून घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला इथे उन्हाळा आला की हमखास मिळतो. तो मानू नका. इंजिन योग्य तापमानाला पोहोचलंच नाही तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल जास्त सोडत राहतो. रेडिएटर आतून साफ करा, बोअरिंगचं क्षारयुक्त पाणी कधीही ओतू नका, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे. चिखलातून आल्यावर रेडिएटरच्या जाळीत बसलेली माती इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला पाणी मारून काढा, आणि प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पापुद्रे वाकतात.

पेट्रोलबद्दल एक सूचना, ती आता टाळून चालणार नाही. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि २००६ ची ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाच्या घालून घ्या. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी करू नका. उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे ओल धरायला आत हवाच कमी राहते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी हलवायची नाही.

इथपर्यंत माझ्या अंदाजानं तुमचे सव्वा ते दीड लाख संपतील. फोटोत दाखवण्यासारखं यातलं काहीच नाही. पण ही गाडी आता तुम्ही मुलीला शेजारी बसवून जानापावच्या चढावर नेऊ शकता.

आता टायर. अंडरबॉडीतली सगळ्यात खालची जागा म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, आणि तो पाटे कितीही उंच केले तरी एक मिलिमीटरही वर जात नाही. ॲक्सल चाकांवर बसलेला आहे, त्याला उंची फक्त टायर देतो. मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे साधारण ६६८ मिलिमीटर व्यासाचा. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३ होतो आणि डिफ खाली ३३ मिलिमीटर जागा वाढते. ३१ इंचीचा व्यास ७८७, जागा साठ मिलिमीटर. जागेचा फायदा सत्तावीस मिलिमीटरचा, पण किंमत बघा: २३५ वर गिअरिंग सुमारे १० टक्के लांब होतं, ३१ वर १८ टक्के. या इंजिनाला दहा टक्के झेपतात, पाचवा गिअर थोडा निरुपयोगी होतो इतकंच. अठरा टक्क्यांवर लो रेंजमधला तुमचा हळूहळू चढायचा गिअरच हरवतो, क्लच जळायला लागतो, आणि स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५९ ला असेल. माझं मत स्पष्ट आहे: कुटुंबासोबत फिरायच्या जिप्सीला २१५/७५ किंवा फार तर २३५/७५ ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांचा टायर). २३५ पूर्ण वळणावर कुठे घासतो का ते दोन्ही बाजूंना तपासा, ऑफसेट बदललेल्या (चाक जास्त बाहेर काढणाऱ्या) रिमा घेऊ नका.

मड टेरेन, म्हणजे खोल खाचांचे चिखलाचे टायर का नको म्हणतो? आपल्या मुलुखाकडे बघा. वर माळव्याची काळी माती, आणि दक्षिणेला विंध्याची कड तुटून निमाडात उतरते तिथे काळा बेसाल्ट. काळी माती ओली झाली की चाकाला अशी लपेटते की कुठल्याही टायरच्या खाचा पहिल्या वळशातच भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. अशा मातीत टायर बदलून फारसा फरक पडत नाही, दोन दिवस ऊन पडू दिल्यानं पडतो. शिवाय ओल्या शेतवाटेवर तुम्ही पाडलेली चाकोरी उन्हात दगडासारखी वाळते आणि शेतकऱ्याची बैलगाडी आणि मोटरसायकल वर्षभर त्यातून आदळत जाते. पावसात शेतातून जाऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो. बेसाल्टच्या वाटेवर टायरची बाजू कापली जाते, तिथे खाचांच्या खोलीपेक्षा बाजूच्या भिंतीची ताकद आणि कमी हवा कामाची. कच्च्या वाटेला लागलात की रस्त्यावरच्या २४-२६ पीएसआयवरून १६-१८ वर या. एवढ्या हलक्या गाडीला हा बदल नव्या टायरांइतका फरक देतो. चांगला प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या, आणि डांबरीवर परतायच्या आधी हवा भरा. कमी हवेवर साठच्या वेगानं पळालात तर टायर तापून फुटतो.

पाट्यांबद्दल. वीस वर्षांचे पाटे सपाट झालेले असणार. चांगल्या कमानवाल्याकडे उतरवून एकेक पान तपासा, चीर असलेलं पान बदला, कमान मूळ मापाला आणा, बुश आणि शॅकल पिना नव्या टाका, यू-बोल्ट तर नवेच, ताणलेले जुने परत लावायचे नाहीत. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. एवढ्यानंच बसलेली गाडी दीड-दोन इंच वर येईल, ते तुम्हाला पुरेल. २३५ टायरला आणखी इंच-दीड इंच हवं वाटलं तर तेवढ्या कमानीचे पाटे करून घ्या, शॉक ॲब्सॉर्बर त्या लांबीचे घ्या. लांब शॅकल लावू नका. पुढचा ॲक्सल त्यानं पुढे कलतो, कॅस्टर (चाकाच्या वळायच्या आसाचा मागे झुकाव) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे शोधत चालते. पाटे ॲक्सलच्या वर बसवायचा तुमचा बेत तर अजिबात नको. त्यात ड्रॅग लिंकचा कोन इतका तिरपा होतो की चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं, जोर लावल्यावर पाटा एस आकारात पिळवटतो, आणि आखूड व्हीलबेसची अरुंद गाडी पाच इंच वर गेल्यावर आडव्या उतारावर कलंडायला फार थोडं निमित्त पुरतं. स्टिअरिंगची सगळी भूमिती नव्यानं करणाऱ्या, स्पर्धेत उतरणाऱ्या लोकांचं ते काम आहे.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांचा अर्थ सरळ आहे: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. समोरच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करायला केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. त्यामागचं कारण मला पटतं. धडक बसली तर तो बार पायी जाणाऱ्याचे पाय मोडतो आणि धक्का थेट चॅसीला देतो. अपघातानंतर विमा कंपनी आधी हेच बदल शोधते. तुमची गाडी २००६ ची, म्हणजे पंधरा वर्षांनी २०२१ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असणार, आणि ते पाच वर्षांचंच असतं. आरसीवरची तारीख आजच बघा. पाच इंच उचललेली गाडी तपासणीला नेणं तुम्हाला जड जाईल.

विंच आत्ता नको, पण गाडी बाहेर काढायची सोय पहिल्या फेरीपासून हवी. पुढे आणि मागे चॅसीलाच, पत्र्याला नाही, उच्च ताकदीच्या बोल्टांनी बसवलेले हूक हवेत. एक कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, तो अडकवायला ४.७५ टनांच्या दोन कड्या (यांनाही शॅकलच म्हणतात), एक फावडं, जाड फळी आणि जॅक. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही अडकवू नका. झटक्यात हा बॉल तुटून गोळीसारखा उडतो, माणसं गेली आहेत त्यानं. दोर ताणलेला असताना दोन्ही गाड्यांमध्ये कुणी उभं राहायचं नाही, दोरावर जाड सतरंजी टाकायची, मुलांना दोराच्या लांबीच्या दुप्पट दूर. आणि दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय आडवाटेला जायचं नाही. पुढे विंच घेतलंत तर भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारं पुरतं, म्हणजे जिप्सीला पाच-सहा हजार पौंडांचं, सिंथेटिक दोराचं. सगळे घेतात म्हणून साडेनऊ हजार पौंडांचं घेऊ नका. पूर्ण जोरावर विंच तीन-चारशे अँपिअर खेचतं, जिप्सीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही नाही.

स्नॉर्कलला माझा विरोध नाही. ताफ्यात मागे चालताना तो वरून जरा स्वच्छ हवा घेतो, एवढा उपयोग खरा. पण तो लावला म्हणून पाण्याची मर्यादा वाढत नाही. पंखा, वायरिंग आणि सीलं तीच राहतात. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर मी आधी पायी उतरून काठीनं तळ बघतो, कुटुंब असेल तर वळून जातो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी उडवून द्या, एअर फिल्टर आणि ऑइल बघा.

वाटांबद्दल शेवटचं. चोरल-मानपूरच्या जंगलात चाकोरी दिसते म्हणून शिरू नका, वनखात्याची परवानगी विचारा. राळामंडल अभयारण्य तर आहेच संरक्षित. महूच्या आसपास लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत, तिथे फुटायचे राहिलेले गोळे मातीत असतात, तारेच्या कुंपणाचा तुकडा तुटलेला दिसला तरी आत चाक घालायचं नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्या गावरस्त्यांवरच करा, हवा कमी करून, लो रेंजचा पहिला आणि दुसरा गिअर पायाला ओळखीचा होईपर्यंत. उतारावर क्लचवरचा पाय पूर्ण काढून गाडी इंजिनवर सोडायला शिका, ब्रेक दाबून चाकं घसरवू नका. प्रत्येक फेरीनंतर घरी आल्यावर अर्धा तास गाडीखाली झोपा: नकलचा गोळा, यू-बोल्ट, शाफ्टचे क्रॉस, ब्रेक होज, डिफची ओल. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

टायरची ऑर्डर द्यायच्या आधी दोन्ही नकलचे, मागच्या शॅकलच्या माउंटांचे आणि डिफमधून पांढऱ्या कागदावर काढलेल्या ऑइलचे फोटो मला पाठवा. दिवसाच्या उजेडात, धुतलेल्या गाडीचे.